एमसी कळणा, मुक्काम नरडाणा

ज्यांचं काही होतं, त्यांच्या मुलाखती छापून येतात. ज्यांचं काहीच होत नाही, त्यांचे किस्से होतात! आमच्या गज्याचे माझ्याकडे ढीगभर साठलेत.

गजानन नरडाण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला होता आणि सुट्टीच्या दिवशी अहिराणीत रॅप करायचा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी जीव की प्राण, म्हणून नाव एमसी कळणा! मी धुळ्यात लग्नांना डीजे लावतो. त्याचं रेकॉर्डिंग माझ्याच दुकानात व्हायचं, भिंतीला दोन गाद्या टेकवून.

*

गज्याची सगळी लय आईच्या, श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या गाण्यांतून आलेली. एकदा त्याने तिलाच, आमच्या अक्कांना, माईकसमोर बसवलं. अक्कांनी डोळे मिटून चार ओळी अशा म्हटल्या, की माझा हात माऊसवरच राहिला. मग एकदम थांबल्या. मी विचारलं,

"अक्का, पुढे?"

"पुढलं माले येत नही. मनी सासूले येत व्हतं."

सासू केव्हाच गेलेली. गज्याने त्याच चार ओळी अख्ख्या ट्रॅकभर फिरवल्या. पोरं म्हणाली, "काय लूप आहे यार!"

लूप कसला, नाइलाज!

*

गज्याने वडिलांना, नानांना, एक ट्रॅक ऐकवला. नाना शेवटपर्यंत मान खाली घालून बसले.

"हाई गानं शे का भांडन?"

"भांडनच शे, नाना."

"मंग ज्याना संगे शे त्याले सांग ना! माले कशाले ऐकाडस?"

*

गज्याच्या मोठ्या भावाचा, सुनीलचा, उजवा हात जिनिंगच्या मशीनमध्ये गेला. त्यावर गज्याने लिहिलं. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं गाणं. जळगावात एका स्पर्धेत ते म्हणायला उभा राहिला. पहिली अहिराणी ओळ आली आणि हॉल हसला. अहिराणी म्हणजे कॉमेडी, हे लोकांचं ठरलेलं! हात तुटतो त्या ओळीला तर शिट्ट्या पडल्या.

बक्षीस मिळालं. 'उत्कृष्ट विनोदी सादरीकरण'.

घरी सुनीलने ट्रॉफी डाव्या हातात घेतली, वाचली आणि म्हणाला, "चांगली शे. वजनदार शे."

त्यानंतर गज्याने स्टेजवर पाय ठेवला नाही.

*

मग त्याची पॅकिंगची लाइन बंद झाली. सुरतला लूमवर काम मिळालं. जाण्याआधी त्याने यूट्यूबवरचं आपलं चॅनलच उडवून टाकलं, एकूण एक गाणी! मी खूप भांडलो. "कोन ऐकस भूषण?" एवढंच म्हणाला. मी त्याला धुळे स्टँडवर दुपारच्या गाडीत बसवून आलो.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. नवापूरच्या अलीकडे शेजारच्या सीटवरच्या माणसाने मोबाइलवर गाणं लावलं. गज्याचंच! कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं.

गज्याने विचारलं, "कोनं गानं शे हाई, भाऊ?"

"व्हता एक नरडाणाकडला. मरी गया म्हनतस. पन भारी लिखे!"

मी फोनवर ओरडलो, "मग तू काय म्हणालास?"

गज्या म्हणाला, "मी बी म्हनं, हा भाऊ, भारी लिखे."