दिवाणावरचा आवाज

माझे सासरे पादायचे. चारचौघांत, मोठ्याने. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या दिवाणावर बसून ते एक मांडी उचलायचे, मोकळे व्हायचे आणि परत टेकून बातम्या ऐकायला लागायचे. समोर मी भाजी निवडत असले तरी त्यांना काही वाटायचं नाही. नवरा हसायचा. सासूबाई म्हणायच्या, "पोट मोकळं असलेलं बरं. कोंडून ठेवलं की डोक्यात जातं."

हे सगळं पुरुषांच्या पोटापुरतं. शाळेत दिवसभर शिकवून मी घरी यायचे, पोट फुगलेलं असायचं, आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे.

माझ्या डोहाळजेवणाला हॉलभर बायका जमल्या होत्या. ओटी भरून झाली. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत मी पाटावरून उठले आणि आवाज झाला. लहानसाच. बायकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कुणी पदर सारखा केला, कुणी पेढ्यांचं ताट पुढे सरकवलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण सासूबाई तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई! बाळानेच हाक मारली की काय!" मग सगळ्याच हसल्या. मीही हसले. ओटीतला नारळ घट्ट धरून उभी राहिले.

पुढे ती गोष्ट घरात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली गेली. मुलीच्या बारशाला, दिवाळीला, नवऱ्याचे मित्र जेवायला आले तेव्हाही. दर वेळी आवाज वाढत गेला. शेवटी शेवटी तर ओवाळणाऱ्या बाईचं निरांजन विझलं होतं म्हणे. मी नवऱ्याला विनवलं, हे थांबव. तो म्हणाला, "मनावर काय घेतेस? गंमत आहे." त्या दिवसापासून तो मला आवडेनासा झाला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सासऱ्यांची बहीण कळवणहून आली होती. मी चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आले, तेवढ्यात सासऱ्यांनी मांडी उचलली. भिंतीवर काहीतरी आपटावं तसा आवाज. आणि माझ्याकडे बघत ते म्हणाले, "काय सूनबाई, परत डोहाळे लागले का?"

सगळे हसले. माझी मुलगीही हसली, माझ्याकडे बोट दाखवून.

मी ट्रे खाली ठेवला. "बाबा, तुम्ही पादलात. रोज पादता. मी जेवत असते तेव्हासुद्धा. निदान नाव तरी माझं घेऊ नका."

सासूबाई ताडकन उठल्या. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"मोठे असं पादतात?"

कुणी चहाला हात लावेना. मग आत्याबाई भावाला म्हणाल्या, "ती खोटं नाय बोलत, दादा. लहानपणापासूनची सवय हाय तुझी. माझ्या सासरच्यांपुढं लय मान खाली घालायला लावली होती तू." सासरे उठून खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

नवरा माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. "माफी माग."

"कशाची?"

"तू जे बोललीस त्याची."

"काय बोलले मी? तो शब्द तुझ्या तोंडाने म्हण, मग मागते."

तो हॉलमध्ये निघून गेला.

माफी मी मागितली नाही. सासरे माझ्याशी बोलत नाहीत. चहा हवा असला की नातीला पाठवतात. मोकळं व्हायचं असलं की गॅलरीत जातात, काचेचं दार ओढून घेतात. डोहाळजेवणाची ती गोष्ट आता कुणी सांगत नाही. पाहुण्यांना माझ्या जिभेबद्दल सांगतात. सांगोत.

परवा जेवताना मुलीचा आवाज झाला. तिने दचकून आधी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मुलीच्या जातीला शोभतं का हे?" सासूबाई म्हणाल्या.

"तू जेव गं," मी मुलीला म्हटलं आणि तिला आमटी वाढली.

सासूबाई अर्ध्या ताटावरून उठल्या. मी त्यांना थांबवलं नाही.