पॅसिफिकातला फोन नंबर

संघपाल पेंटरनं पॅसिफिक महासागरात स्वतःचा फोन नंबर लिहिला, तेव्हा त्या पाण्याखाली कुणी राहत असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

छावणीतल्या एका शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्यानं जगाचा नकाशा काढला होता. हिंदी महासागरात ‘पाणी वाचवा’, अटलांटिकात शाळेचं नाव, खालच्या पट्टीत देणगीदार, त्याची बायको आणि दोन्ही मुलं यांची नावं. उरला पॅसिफिक. एवढा मोकळा प्लॉट कोण सोडतो? दक्षिण अमेरिकेच्या डावीकडं त्यानं दहा आकडे असे ठोकले की रिक्षातून जाणाऱ्यालाही वाचता यावेत. शेजारी चिली म्हणजे वरून खाली ओढलेली एक लाल पट्टी. खाली टोकाला तिच्या चिंध्या होतात, बेटंच बेटं, हे त्याला ठाऊक होतं; पण टोक भिंतीच्या तळाशी आलेलं, अन् त्याचा गुडघा उकिडवं बसू देत नव्हता.

शाळेतून फोन आला तेव्हा तो पडेगावात ओट्यावर त्याच गुडघ्याला तेल चोळत होता. फ्लेक्सच्या मशिनी आल्यापासून दुकानांच्या पाट्या गेल्या होत्या. उरल्या शाळांच्या भिंती. त्यांवरचा नंबर वाचून अधूनमधून कुणी क्लासवाला, कुणी अंगणवाडीवाला बोलवायचा, त्यावर घर चाललेलं. म्हणून फोन वाजला की त्याची बायको गीताबाई कुकरखालचा गॅस बारीक करायची.

“पेंटरदादा, मी दीपमाला, सहावीची बाई. तुमच्या नंबराखाली माझं एक बेट गेलंय.”

फोन ठेवल्यावर गीताबाईनं विचारलं, “काम आलं व्हय?”

“आलं. फुकटातलं.”

भानगड अशी होती की बाईंनी पोरांना थोड्याच माणसांच्या तोंडी उरलेल्या भाषा वाटून दिल्या होत्या. शनिवारी आईबाप येणार, त्यांच्यापुढं आपापल्या भाषेतला नमस्कार म्हणायचा आणि नकाशावर तिच्या जागी कागदी झेंडा चिकटवायचा. मापुदुंगुन भाषेचा झेंडा चिलीच्या जमिनीवर व्यवस्थित बसला. सायलीच्या वाट्याला आली रापा नुई, त्याच नावाच्या बेटावरची. ते बेटही चिलीचंच, पण किनाऱ्यापासून हजारो मैल आत. म्हणजे बरोबर संघपालच्या नंबरातल्या साताच्या अंगावर.

संघपालनं शाळेत जाऊन आधी पेंटरी अक्कल चालवली. सात आणि चार यांच्यामध्ये एक तपकिरी ठिपका दिला.

“झालं, मॅडम.”

“दादा, हा तर दशांश झाला.” बाईंनी त्यावर झेंडा धरून दाखवला. दोन आकडे गडप.

“शनिवारपुरताच ना?”

“वर्षभर. आणि खालची बेटं कुठायत? कावेस्कार, यागान... ही पोरं काय झेंडे हातात धरून उभी राहणार?”

“नंबर बारीक केला तर रस्त्यावरून दिसत नाय. अन् दुसरीकडं जागा कुठंय? देणगीदाराच्या बायकोवर लिहू?”

बाई हसल्या, पण झेंडा काही खाली घेतला नाही. संघपाल शिडीच्या पायरीवर टेकला. तेवढाच वेळ जावा म्हणून विचारलं, “ही यागान कोणाची?”

“अगदी टोकाच्या बेटांवरच्या लोकांची. होडीत विस्तव पेटता ठेवून फिरायची म्हणे ती माणसं. लहानपणापासून ती भाषा बोलत आलेली शेवटची आजी काही वर्षांमागं गेली.”

“मग शेवटी शेवटी ती बोलायची कुणाशी?”

संघपालला त्याच्या जोडीनं पाट्या रंगवणारा फकिरा पेंटर आठवला. फकिरा गेल्यापासून ‘ज्ञ’चं वळण कुठून उचलायचं, यावर भांडायला माणूस उरलं नव्हतं. एकदा त्यानं हा विषय गीताबाईपुढं काढला, तर ती म्हणाली, “अवो, वाचता येतंय ना? मग झालं.”

तो उठला. निळ्याचा डबा उघडला आणि एकेक आकडा बुडवत गेला. सात सगळ्यात शेवटी. मग त्या जागी रापा नुई. मग कण्हत, भिंतीला धरून, तो खाली बसला आणि आपल्याच हातची ती सरळ पट्टी टोकाशी फोडू लागला. एक बेट, दुसरं बेट. कावेस्कारची जागा झाली. त्याहून खाली हात न्यायला गेला तेव्हा गुडघ्यातून अशी कळ गेली की ब्रश डब्यात पडला.

“एक राहिलं, दादा.” बाईंच्या हातात यागानचा झेंडा होता.

“उधार ठेवा माझ्याकडं. फोन करा, येतो.”

शनिवार होऊन गेला. सायली म्हणे ‘इओराना’ असं खणखणीत म्हणाली की देणगीदारसुद्धा दचकला. गीताबाई अजून फोन वाजला की गॅस बारीक करते, आणि पलीकडून कुणीतरी लोन घ्या म्हणतं.

यागानचा झेंडा पाण्यातच चिकटवलेला आहे. संघपाल छावणीतून जाता-येता तो बघतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि गुडघाही आता जरा बरा आहे. पण ते बेट काढलं, तर त्या शाळेतून फोन यायचं एकमेव कारणही संपेल. म्हणून तेवढी उधारी त्यानं राहू दिली आहे.