इंटरवलनंतर काय झालं

मारामारीच्या सिनेमांबद्दल माझं पहिलं ठाम मत कापडवाल्यानं चार वाक्यांत मोडून काढलं.

आदल्या दिवशी मी पुण्याला जाऊन एक तलवारीचा सिनेमा पाहून आलो होतो. वहिनी अंगणात ज्वारी पाखडत बसली होती आणि मी हातात लाटणं घेऊन तिला शेवटची लढाई करून दाखवत होतो. हिरोला बाराजणांनी घेरलंय, तो झुंबराला लटकतो, एकेकाला लोळवतो. असली लढाई पुन्हा होणे नाही, असं मी म्हणालो. तेवढ्यात दारात सायकल टेकवून उभा असलेला कापडवाला म्हणाला, “बारा होते, व्हय. पण येत होते एक-एक करून. आमच्या कॅम्पात नळाला रांग लावतात तसे. सगळे एकदम का न्हाई आले?”

वहिनी हसायला लागली. मी चिडून लाटणं खाली ठेवलं.

तो सिंधी होता. फाळणीनंतर घरच्यांबरोबर कराचीहून आगबोटीनं आला होता आणि पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात, बराकीतल्या दोन खोल्यांत राहत होता. सायकलच्या कॅरियरवर कापडाचं गाठोडं बांधून पवना ओलांडून आमच्या पिंपळे सौदागरात यायचा. पुढं वाकड, हिंजवडीपर्यंत जायचा. मराठी तो दारोदार बायाबापड्यांकडून शिकला होता, त्यामुळं एखाद्या मावळातल्या म्हातारीसारखं ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ म्हणायचा. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून सिंधी रीतीनं ‘साईं’, म्हणजे मालक, म्हणाला. त्याच्याकडं दुकान नव्हतं, गादी नव्हती, म्हणून मी त्याला मुद्दाम ‘शेठ’ म्हणायला लागलो. दोघांनाही विशी लागली होती.

मी तेव्हा पिंपरीत नव्यानंच निघालेल्या औषधाच्या कारखान्यात लागलो होतो. बाटल्यांना लेबलं लावायचं काम. रविवारी सुट्टी. दर रविवारी शेठ आणि मी दोन सायकलींवर पुण्याला जायला लागलो. दापोडीच्या पुलापर्यंत सिनेमा कुठला बघायचा यावर वाद आणि येताना बघितलेल्या सिनेमावर वाद. आई म्हणायची, “आरं, सिनेमा बघताय का कोर्टात जाताय?”

त्याची मतं वेगळीच असायची. मारामारीच्या सिनेमात तो हिरोकडं बघायचाच नाही, घोड्याकडं बघायचा. “घोडा थकलेला असंल तर समज पैसेवाल्यानं हात आखडलाय. पुढचं सगळं तसंच निघणार.” आणि खरंच तसं निघायचं. मला आवडायचे रहस्याचे सिनेमे. धुकं, लांब कोट, भिंतीवर पडलेली सावली. शेठ म्हणायचा, “मुंबईत एवढा लांब कोट घालून जो फिरतो तो खुनी असू शकत न्हाई, येडा असंल.” खुनी कोण हे तो पहिल्या अर्ध्या तासात ओळखायचा आणि माझ्या कानात सांगायचा. त्याचा नियम एकच होता. घरातला जो काका सगळ्यांशी गोड बोलतो आणि आजारी माणसाला स्वतः दूध नेऊन देतो, तो. मी त्याला हजारदा बजावलं की सांगू नकोस. तो सांगायचाच. माझं म्हणणं असं होतं, अजूनही आहे, की खुनी कळला तरी भीती कमी होत नाही, उलट वाढते. आता तो दूध घेऊन निघाला, आता जिना चढला. शेठला हे पटायचं नाही.

विनोदी सिनेमांच्या बाबतीत मात्र तो फार कडक होता. नट स्वतः हसला की शेठचा चेहरा दगडासारखा व्हायचा. कोणी केळाच्या सालावरून घसरलं की तो सुस्कारा टाकायचा. सगळं थिएटर हसत असताना हा माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसलेला असायचा. मला त्याचं कारण बरेच दिवस कळलं नव्हतं.

ते कळलं एका समुद्री चाच्यांच्या सिनेमाच्या दिवशी. सिनेमा झकास होता. तोफा, शिडांवरून उड्या, दाढीवाला कप्तान. सुरुवातीलाच एका बंदरातून जहाज सुटतं आणि धक्क्यावरची माणसं लहान लहान होत जातात, असं दृश्य होतं. शेठ उठला. “शेंगदाणे घेऊन येतो,” म्हणाला आणि आलाच नाही. मी थोडा वेळ वाट पाहून बाहेर गेलो, तर तो सायकलींच्या स्टँडपाशी उभा होता.

“काय झालं रे?”

“काय न्हाई. जहाज लई खोटं होतं.”

दापोडीला आम्ही चहाला थांबलो तेव्हा त्यानं सांगितलं. कराची सोडायच्या आदल्या दिवशी तो एक विनोदी सिनेमा बघत होता. घरी कोणाला न सांगता गेला होता. गोष्ट अशी होती की एका तरुणाला लग्न करायचंय, पण त्याचं बापाशी पटत नाही. मुलीकडचे म्हणतात, वडिलांना घेऊन या. म्हणून तो एका नाटकवाल्याला बाप म्हणून उभा करतो. तिकडं त्याचा मित्र, मदत करायची म्हणून, आणखी एक खोटा बाप पाठवतो. दोन्ही खोटे बाप एकाच दिवाणखान्यात एकमेकांचं कौतुक करत बसलेत आणि दारात खरा बाप येऊन उभा राहतो. हातात छत्री. इंटरवल.

“आणि साईं, दिवे लागले, मी मागं बघितलं, तर दारात माझा बाप.” शेठ हसला. “आयुष्यात कधी टॉकीजची पायरी चढला नव्हता. म्हणाला, चल, आगबोटीत जागा मिळाली.”

“मग?”

“मग काय. उठलो. दुसऱ्या दिवशी समुद्रात.”

त्यात त्यानं पदरचं थोडंसं घातलं असेल, असं मला तेव्हाही वाटलं. पण त्याचा बाप मी पाहिला होता. दिवसभर बराकीच्या ओट्यावर पापड वाळत घालणारा, फारसं न बोलणारा म्हातारा. त्याला टॉकीजच्या दारात उभं असलेलं डोळ्यांसमोर आणलं आणि आणखी दोन चहा मागवले.

त्यानंतर परतीच्या वाटेवर एक खेळच सुरू झाला. इंटरवलनंतर काय झालं असेल? शेठनं इतक्या वर्षांत त्या सिनेमाचे कितीतरी उत्तरार्ध मनात रचून ठेवले होते. एकात खरा बाप दारातूनच परत जातो आणि मुलीच्या आजीच्या प्रेमात पडतो. एकात तिन्ही बाप मिळून मुलालाच खोटा ठरवतात. माझा आवडता होता तो मिठाईवाल्याचा. खऱ्या बापाला सगळे गावचा मिठाईवाला समजतात, तोही अपमान गिळून भट्टीपाशी बसतो आणि स्वतःच्या मुलाच्या लग्नाची जिलेबी तळतो. जिलेबी इतकी फक्कड होते की मुलीचा बाप म्हणतो, मला व्याही असा हवा होता. हे सांगताना शेठ सायकलवरून हात सोडून जिलेबी पाडून दाखवायचा आणि रस्त्यावरची बैलगाडी थांबायची.

माझी थोरली बहीण निघोजेला दिली होती. दाजी कांदे घेऊन चाकणच्या बाजारात जायचे. एका हिवाळ्यात ते आमच्याकडं आले असताना सहज म्हणाले, “चाकणला तंबू आलाय सिनेमाचा. ह्या आठवड्याला काय तर हसायचा खेळ हाय. चित्रात तीन म्हातारे काढल्यात, एकाच्या हातात छत्री.”

मी तसाच सायकल काढून कॅम्पात गेलो. शेठ जेवत होता. मी सांगितल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, “छत्री बंद का उघडी?”

शनिवारी पहिली पाळी संपवून मी शेठबरोबर निघालो. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल. शेठ सगळी वाट माझ्यापुढं सायकल हाणत होता. तंबू बाजाराच्या मैदानात होता. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं, मध्ये कनात. सगळे खाली बसलेले, बरेचजण घरून पोती घेऊन आलेले. दिवस मावळून तंबूत अंधार झाला आणि मशीन सुरू झालं.

तोच सिनेमा होता. पहिल्या दृश्यालाच शेठनं माझा हात धरला. पुढचा तासभर तो प्रत्येक विनोदाच्या आधी हसत होता. शेजारचा एक पैलवान गडी वैतागून म्हणाला, “भाऊ, आमाला हसू द्या की आधी.” ज्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे, त्या माणसाला मी डोळे पुसताना बघत होतो. मग दोन खोटे बाप दिवाणखान्यात बसले. दार उघडलं. छत्री बंदच होती.

दिवे लागले. शेठनं मागं वळून तंबूच्या दाराकडं बघितलं. मीही बघितलं. एक माणूस फुटाणे विकत होता.

उत्तरार्ध साधारण होता. खरा बाप मुळात दयाळू निघतो, सगळं हसत माफ करतो, मुलीकडच्यांचाही गैरसमज दूर होतो आणि शेवटी सगळे जेवायला बसतात. दोन खोटे बाप एक गाणं म्हणतात. लोक हसत होते, वाईट म्हणावं असं काही नव्हतं. शेठ मांडी घालून शेवटपर्यंत बसला.

रात्री बहिणीकडं मुक्काम केला. दाजींनी विचारलं, “कसा व्हता खेळ?” शेठ म्हणाला, “बरा हाय, दाजी. घोडे न्हाईत त्यात.”

सकाळी आम्ही परत निघालो. मोशीचा चढ आला म्हणून दोघं उतरलो आणि सायकली हातात धरून चालायला लागलो. तेव्हा तो बोलला.

“साईं, सिनेमाचा दोष न्हाई. तिथं कराचीत माझ्या बाजूला एक जाडा माणूस बसला होता. कोण ते माहीत न्हाई. तो हसला की आमचं आख्खं बाकडं हलायचं. आम्ही चौघं पाचजण त्याच्याबरोबर हलायचो, आणि त्यालाच हसायचो. काल मला सारखं वाटत होतं, आता बाकडं हलंल.” मग सायकल पुढं ढकलत म्हणाला, “आपण जमिनीवर बसलो होतो. हलणार काय?”

चढ संपला, सायकलीवर बसलो. बरंच अंतर गेल्यावर मी म्हणालो, “शेठ, पण तो मिठाईवाल्याचा शेवट बरा होता.”

“कुठला?”

मी त्याला त्याचीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. भट्टी, कढई, अपमान, सगळं. जिलेबी पाडायला हात सोडले आणि भोसरीच्या अलीकडं मी सायकलीसकट बाभळीत गेलो. शेठ रस्त्यातच बसला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. माझ्या कोपरातले काटे काढत होता आणि हसत होता.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. सासऱ्याचं रायपूरला कापडाचं दुकान होतं, सांभाळायला माणूस हवा होता. बापाला घेऊन तो तिकडं गेला. मी पुण्याला एकटा जाऊन पाहिलं दोन-तीनदा. शेवटच्या खेपेला रहस्यपट होता, काका दूध घेऊन जिना चढत होता आणि माझ्या कानाशी कोणी काही बोलत नव्हतं. खुनी शेवटपर्यंत कळू नये ही माझी किती दिवसांची इच्छा होती. त्या दिवशी मी अर्ध्यातून उठलो. त्यानंतर रविवारी शेतावर जायला लागलो.

तो एकदाच आला, कॅम्पात चुलतभावाच्या लग्नाला. अंगानं सुटला होता, कडेवर मुलगी होती. मुलगी माझ्या आईला घाबरून रडली, आईनं तिच्या हातावर गूळ ठेवला. सिनेमाला जायचं ठरवलं, पण लग्नघरातून त्याला कोणी सोडेना. निघताना स्टेशनवर मी पोचवायला गेलो. गाडी हलली तसा खिडकीतून म्हणाला, “साईं, रायपूरला ये. घराजवळच टॉकीज हाय. पंखे चांगले हाईत, बाकडी लाकडाची.”

मी म्हणालो, दिवाळीत येतो. त्या दिवाळीत वहिनी आजारी होती, पुढच्या दिवाळीत माझं लग्न होतं. मग मुलं झाली, कारखान्यात पाळ्या वाढल्या. रायपूर नकाशात किती लांब आहे ते मी बऱ्याचदा पाहिलंय. एक रात्र आणि एक दिवस गाडीत बसायचं, एवढंच होतं.