सभेतली तिसरी भाषा

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातलं माझं पीएचडीचं चौथं वर्ष होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जिनिव्हाला भरणारी राष्ट्रसंघाची सभा हा माझा विषय. त्यावरच्या वर्गात मी प्रोफेसर बाईंना शिकवायला मदतही करायचे. त्या वर्षी बाई म्हणाल्या, मुलांनी ती सभा वर्गातच भरवायची.

नियम मी समजावले. देश लहान असो की मोठा, मत एकच. ठराव आधी समित्यांमध्ये तपासून घ्यायचे, मग सभेपुढे आणायचे. महत्त्वाच्या ठरावाला एकानेही 'नाही' म्हटलं की तो पडला; तटस्थ राहणारा मात्र गैरहजर धरायचा. भाषण इंग्रजीत झालं की दुभाषा उठून तेच सगळं फ्रेंचमध्ये म्हणायचा, फ्रेंचमध्ये झालं तर इंग्रजीत.

चिठ्ठीत भारत आला एका मुलीला. आईवडील पुण्याचे, ती मात्र ओहायोतल्या डब्लिनमध्ये जन्मलेली. माझ्याशी कायम इंग्रजीत बोलायची. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, मग मत कसं, असं तिने विचारलं.

"मत होतं," मी म्हणाले, "पण सभेला कोणी जायचं ते ब्रिटिश सरकार ठरवायचं."

 दोन दिवसांनी ती नियमांचा कागद घेऊन आली आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "ताई, थर्ड लँग्वेज चालते. फक्त ट्रान्सलेटर आपला पाहिजे. तुम्ही कराल?"

भाषण तिने डब्लिनला आईवडिलांकडे राहणाऱ्या आजीला फोन करून लिहिलं होतं, रोमन लिपीत. सभेच्या दिवशी ती उभी राहिली. उच्चार अडखळत होते, पण हेल थेट आजीचा असणार, पुण्याच्या शनिवार किंवा नारायण पेठेत ऐकू यावा तसा. चार वर्षांत वर्गात कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. मग ती म्हणाली, "आमच्या नावाची खुर्ची आहे इथे. पण आमचं हक्काचं माणूस तिच्यावर बसलेलं नाही."

मी थांबले. 'हक्काचं माणूस' इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी काहीतरी कायद्याच्या भाषेतलं बोलले. ते चूक होतं, हे मला तेव्हाच कळलं.

भारताचे प्रतिनिधी भारतीयांनीच निवडावेत, हा तिचा ठराव पडला. एका देशाने 'नाही' म्हटलं.

त्या संध्याकाळी तिने बस स्टॉपवर आजीला फोन लावून माझ्या हातात दिला. "जेवलीस का गं?" पलीकडून आवाज आला. माझं नावही न विचारता. मग म्हणाल्या, "दिवाळीला ये हिच्याबरोबर. गाडीने सहा तास तर लागतात."

मी 'हो' म्हटलं. पण दिवाळीला पेपर तपासायचे होते म्हणून गेले नाही. जानेवारीत आजी कायमच्या पुण्याला परतल्या. मुलगीही पास होऊन टेक्सासमधल्या प्लेनोला नोकरीला गेली. मधूनमधून तिचे मेसेज येतात, इंग्रजीत. कधीतरी आजींचा नंबर मागावा असं वाटतं. पण फोन लावून, मी कोण म्हणून सांगायचं?