महिपतरावांनी गाडीला ब्लोअर बसवला

१९५६ च्या जूनमध्ये आमच्या यांनी हातगाडीवरून एक लोखंडी धूड घरी आणलं आणि माझ्या अंगणात, तुळशीपासून दोन हातांवर, उतरवून ठेवलं. मध्यभारत मोडणार आणि सरकार भोपाळला जाणार, हे तोवर आमच्या लष्कर शहरातल्या पानवाल्यांनाही ठाऊक झालं होतं. नया बाजारातल्या आमच्या गल्लीत लोक ट्रंका दुरुस्त करून घेत होते, कपाटं विकत होते. आणि आमच्या घरी सामान येत होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सुपरचार्जर," हे म्हणाले. "आम्ही ब्लोअर म्हणायचो. इंजिन आपलं आपण हवा ओढतं, बरोबर? हा तिला दाबून आत कोंबतो. इंजिन तेवढंच, ताकद दीडपट."

"आणि तो कशाला बसवणार?"

"आपल्या गाडीला."

मी आत जाऊन भात उतरवला. अशा वेळी बोलण्यात अर्थ नसतो, हे लग्नाच्या अठरा वर्षांत कळलं होतं.

यांचं नाव महिपतराव. रियासतीच्या फौजेत मोटर विभागात हवालदार-मेकॅनिक होते. फौज हिंदुस्थानच्या सैन्यात सामील झाली तेव्हा एका बोर्डानं सगळ्यांची परीक्षा घेतली. यांना इंग्रजीत विचारलं की गिअर बॉक्स कसा चालतो. यांनी मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं, मग समोरच्या टेबलावरचे दोन पेपरवेट घेऊन करून दाखवलं. बोर्डानं लिहिलं, अपात्र. पुढे सचिवालयाच्या मोटर-गॅरेजमध्ये लागले. आता तेही गॅरेज भोपाळला निघालं होतं, आणि जाणाऱ्यांच्या यादीत यांचं नाव नव्हतं. साहेबांनी यांना जुन्या सामानाची मोजदाद करायला बसवलं होतं. त्या सामानात हा ब्लोअर निघाला. कारकुनानं वहीत लिहिलं होतं, "अनोळखी यंत्र, नग एक." यांनी मात्र तो लगेच ओळखला. विशीत असताना एका सरदारांच्या शर्यतीच्या गाडीवर यांनीच तो सांभाळला होता. ती गाडी गेली, सरदार गेले, यंत्र भंगाराच्या लिलावात निघालं आणि आमच्या अंगणात आलं.

आमची गाडी म्हणजे चार सिलिंडरची जुनी विलायती. पुण्याला कायमचे निघालेले एक गृहस्थ ती यांच्या गळ्यात बांधून गेले होते. सपाटीवर बरी चाले. पण माझी थोरली बहीण शांताताई किल्ल्यावरच्या शाळेत शिकवायची आणि तिथंच राहायची. तिच्याकडे जायचं तर उरवाईचा चढ. दर वेळी गाडी दुसऱ्या वळणावर दम टाकायची. मग मी खाली उतरायची, पायाशी ठेवलेला दगड मागच्या चाकाला लावायची आणि उरलेला चढ पायी चढायची. वरून उतरणारे टांगेवाले म्हणायचे, "बाईसाहब, घोड़ा जुतवा लो." मला त्याचं काही वाटत नसे. यांना फार वाटे.

"दसऱ्याला पूजा झाली की शांताताईंकडे जाऊ. न थांबता," हे म्हणाले. म्हणजे साडेतीन महिने होते.

पहिला महिना ब्लोअर उघडण्यात गेला. आत दोन लोखंडी फिरक्या, एकमेकींत गुंतून फिरणाऱ्या, पण एकमेकींना न शिवणाऱ्या. मधे कागदाएवढी फट. ती फट मोजायला हे माझ्या वर्गातल्या मुलींच्या शिवणाचे कागदी नमुने घेऊन गेले. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. दुसऱ्या दिवशी वर्गात चाळीस मुली आणि ब्लाउजचा नमुना ग्रीसमध्ये.

मग तो बसवायचा कुठं, हा प्रश्न आला. इंजिनाशेजारी जागाच नव्हती. रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला, तर बॉनेट लागेना. बॉनेटला भोक पाडलं, तर पावसाळा सुरू झाला. माझी ताडपत्री, जिच्याखाली मी वर्षाची लाकडं ठेवत असे, ती गाडीवर गेली आणि लाकडं भिजली. महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात नुसता धूर.

खरादीचं काम उमाजीकडे होतं. टोपी बाजारामागच्या बोळात त्याचं लेथ मशीन. यांच्यासोबतच फौजेत होता, आणि दोघांचा स्वभाव एक. इंजिनाच्या दांड्यावर बसवायची पुली त्यानं पहिल्यांदा बनवली ती लहान झाली. दुसरी बनवली ती बसेना. तिसरी घेऊन आला तेव्हा मीच दार उघडलं.

"वहिनीसाहेब, ये वाली एकदम फिट बसेल," तो म्हणाला.

"मागचीही फिटच होती ना?"

"मागचीचं माप महिपतरावांचं होतं," तो म्हणाला. आतून हे म्हणाले, "माप बरोबर होतं." मग दोघं तासभर त्या मापावर बोलले आणि मी दोनदा चहा केला.

श्रावणात मी आठ दिवस झाशीला माहेरी गेले. परत आले तर न्हाणीत माझं घंगाळ नव्हतं. जाड तांब्याचं, माझ्या लग्नात आईनं दिलेलं. मी आधी चोरी झाली असं समजले. मग गाडीजवळ त्याचा काठ सापडला. नुसता गोल काठ आणि दोन कड्या.

"अहो, घंगाळ कुठं आहे?"

हे गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, "हवा जास्त कोंबली की आत दाब वाढतो. आपल्या पेट्रोलला तो सोसत नाही, इंजिन ठोके मारतं. म्हणून दाब उतरवायला इंजिनाच्या हेडखाली जाड पत्रा घालावा लागतो. तांब्याचा. शहरात तसला पत्रा कुठंच मिळेना."

"म्हणून माझं घंगाळ कापलंत?"

"चांगलं तांबं होतं," हे म्हणाले.

त्या दिवसापासून मी यांच्याशी बोलायचं सोडलं. जेवण वाढायची, उत्तर द्यायची नाही. यांच्या ते सहाव्या दिवशी लक्षात आलं.

गणपती झाले. सप्टेंबरच्या शेवटी गाडी पहिल्यांदा सुरू करायची ठरली. इंजिन उलटा भडका मारतं तेव्हा तो बाहेर सोडायला ब्लोअरच्या पुढे स्प्रिंगची एक झडप लागते. यांना ती नीट माहीत होती. पण स्प्रिंग मिळाली नव्हती आणि यांना धीर नव्हता. "झडप नंतर लावू," म्हणाले, आणि हँडल मारलं. गाडी दोन श्वास चालली आणि मग असा बार झाला की समोरच्या लालाजींची कबुतरं उडाली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाहीत. ब्लोअर आणि इंजिन यांच्यामधली नळी फाटली. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या तीन साड्यांवर काजळीचा पट्टा.

लालाजी छज्ज्यावर आले. "महिपतराव जी, सब ख़ैरियत?"

"हां लालाजी, ज़रा टाइमिंग का मामला है."

मी महिनाभराचं मौन सोडून बोलले, "टाइमिंगचा नाही, अकलेचा मामला आहे. पाच आण्याची वस्तू आणायचं सोडून बार काढला." यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी झडप बसली.

यानंतर पट्टा निघायला लागला. इंजिनाच्या पुलीवरून ब्लोअरच्या पुलीवर जाणारा पट्टा, कुठल्या तरी लष्करी ट्रकचा. गाडी सुरू झाली की पाच मिनिटांत तो सरकायचा, कडेला घासायचा आणि निघून पडायचा. हे म्हणत, पट्टा ताणला पाहिजे. ताणला तर तुटला. उमाजी म्हणाला, पट्टा सैल पाहिजे. सैल केला तर आणखी लवकर निघाला. तीन पट्टे गेले. दसरा आला. पाटावर यांचे पाने, हातोडा, माझी शिवणाची कात्री मांडली, बॉनेट नसलेल्या गाडीला हार घातला, सोनं वाटलं, आणि किल्ल्यावर आम्ही टांग्यानं गेलो. शांताताईनं विचारलं, "गाडी कुठंय?" हे म्हणाले, "येईल." आम्ही आलोच होतो, गाडी यायची होती.

परत येताना यांचा चेहरा पाहवेना. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. हे कामावर गेल्यावर मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण शिवणयंत्राचा चामडी पट्टा मी वीस वर्षं चढवत होते, आणि तो केव्हा निघतो ते मला माहीत होतं. वरचं चाक आणि खालचं चाक एका रेषेत नसलं की निघतो. मी रिळाचा दोरा घेतला. खालच्या पुलीच्या तोंडाला घट्ट लावून वरच्या पुलीपर्यंत ताणला. खाली दोरा चिकटला होता. वर मधे गव्हाचे दोन दाणे मावतील एवढी फट होती.

संध्याकाळी यांना दाखवलं. यांनी दोरा पाहिला, डोळा बारीक केला, दोरा माझ्या हातातून घेऊन स्वतः ताणून पाहिला.

"दोरा वाकडा धरलास," म्हणाले.

"दोरा ताणला की वाकडा होत नाही."

हे आत गेले. जेवले. मग कंदील घेऊन ब्लोअरचे चार नट सैल केले आणि मागे वायसरच्या पातळ चकत्या घातल्या. पुढच्या आठवड्यात उमाजी आला तेव्हा मला आतून ऐकू आलं, "अरे, मी दोरा लावून पाहिलं, लाइनच आऊट होती." मी चहा पाठवला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. हे, मी आणि मागे उमाजी. बॉनेटच्या भोकातून ब्लोअर शिट्टीसारखा ओरडत होता. बाड्याच्या चौकात लोक वळून पाहत होते. चढ लागला तसा मी सवयीनं दगडाला हात घातला.

"राहू दे," हे म्हणाले.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर यांनी गिअर खाली घेतला, शिट्टीचा सूर वर गेला आणि गाडीनं माझी पाठ मागे दाबली. असं त्या गाडीत कधी झालं नव्हतं. कड्यात कोरलेल्या मोठ्या मूर्ती बाजूनं सरकत गेल्या, ज्या मी एरवी एकेक करून चालत मोजायची. उमाजी मागे रामरक्षा म्हणत होता. आम्ही न थांबता दरवाज्यातून आत गेलो आणि शांताताईच्या दारात उभे राहिलो. रेडिएटर वाफ सोडत होता.

शांताताई बाहेर आली. "आलात गं बाई," म्हणाली आणि यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली. हे खाली उतरून इंजिनाला कान लावून उभे होते. बराच वेळ. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बेअरिंग वाजायला लागलंय. या इंजिनाची हाडं म्हातारी आहेत. चढली, झालं. उद्या काढतो."

"काय काढता?"

"ब्लोअर."

"माझं घंगाळ गेलं, लाकडं गेली, तीन साड्या गेल्या, चार महिने अंगणात पाय टाकायला जागा नाही. आणि एकदा चढून उद्या काढता? हात लावाल तर याद राखा. हळू चालवा, पण तो तिथंच राहील."

यांनी उमाजीकडे पाहिलं. उमाजी दुसरीकडे पाहत होता.

ब्लोअर राहिला. शुक्रवारी दिवाळी होती, आणि आदल्या दिवशी नवं राज्य झालं. दिवाळीनंतर गॅरेजची दुरुस्त यादी आली. तीत यांचं नाव होतं, "महीपत राय" असं लिहिलेलं, पण पद यांचंच होतं. आठ दिवसांत भोपाळला हजर व्हायचं होतं. माझ्या शाळेचं वर्ष एप्रिलला संपणार होतं, म्हणून मी मागे राहिले. सरकारी ट्रकच्या तांड्याबरोबर हे गेले. जाताना मला दर रविवारी गाडी दहा मिनिटं सुरू ठेवायला शिकवलं.

भोपाळहून पहिलं पत्र आलं ते चार पानांचं. खोली कशी आहे, जेवणाचं काय, नवे साहेब कसे आहेत, यातलं एक अक्षर नव्हतं. ब्लोअरमध्ये तेल किती घालायचं, पट्टा किती दाबला जायला हवा, शिट्टीचा सूर बदलला तर काय समजायचं, एवढंच. मी कार्डावर उत्तर लिहिलं, "गाडी ठीक आहे. तुमची तब्येत लिहा."

पुढचं पत्र पाच पानांचं आलं. त्यातही तब्येत नव्हती.