चार नंबरची ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता… आजही आहे असं म्हणवत नाही. पण तुमच्या सदरात लोक मोकळेपणाने लिहितात, म्हणून धीर केला.

१९७१ साल. पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत मी मास्तर होतो. दत्तूही तिथेच — माझ्याच वयाचा, लहानपणच्या तापात एक पाय अधू झालेला. रविवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर त्याने काढलेला गोष्टींचा खेळ चालायचा. एका वहीत तीन याद्या — जागा, माणूस, अडचण. प्रत्येकीत सहा ओळी. सहा कवड्या फेकायच्या, जितक्या उताण्या पडतील त्या नंबरची ओळ दत्तू मोठ्याने वाचणार आणि विचारणार, "हं, घाटात पोचलास. म्होरं साधू बसलाय. आता काय करतोस?" आम्ही सांगू तशी गोष्ट पुढे जायची.

वापरलेली ओळ एकाने खोडायची आणि नवी दुसऱ्याने लिहायची, हा त्याचा नियम. "शिळ्या यादीनं गोष्ट आंबती, इन्या," म्हणायचा. माझं नाव विनायक.

लोक यायचे ते दत्तूसाठी. मला ते सलायचं — खरं तेच लिहितो. एकदा माझ्या पाळीला मी 'माणूस' यादीत चार नंबरला लिहिलं : 'लंगडा मास्तर. कुणाच्या कामाचा नाही.' पुढच्या रविवारी नेमक्या चार उताण्या पडल्या. दत्तूने ओळ वाचली, आवाज न बदलता. सगळे हसले, त्यांना वाटलं, स्वतःचीच थट्टा करतोय. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "अक्षर लई सुबक हाय."

पुढे त्याची सोनईला बदली झाली, बहिणीच्या गावी. वही माझ्याकडेच ठेवून गेला. मी एसटीपर्यंतही पोचवायला गेलो नाही. त्या रविवारी ती ओळ कुणी खोडली नव्हती; तो गेल्यावर मी खोडली. खालची जागा कोरीच राहिली… लिहिणारा दुसरा होता कुठे? वही ट्रंकेत, किल्ली माझ्या जानव्याला.

मग त्याचं पोस्टकार्ड आलं. "इन्या, मी पडून हाय. याद्या शिळ्या झाल्या आसतील. रविवारी वही घिऊन ये." कोणत्या तोंडाने जाऊ, असं म्हणत मी दोन रविवार घालवले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी सांगितलं — दत्तू गेला.

त्या रविवारी दुपारी ओसरीवर मी एकटाच. वही काढली, कवड्या फेकल्या. चार. माणसांची यादी उघडली. मी खोडलेल्या ओळीखाली जांभळ्या शाईत दत्तूचं कललेलं अक्षर —

'मित्र. उशिरा येतो. दाराला कडी लावू नये.'

पोस्टकार्ड शेजारी धरून पाहिलं. तेच अक्षर, तीच शाई. वही ट्रंकेबाहेर गेली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

आठवड्याने त्याच्या बहिणीचं पत्र आलं. "शेवटचे दोन रविवार भाऊ दाराला कडी लावू देत न्हवता. म्हनायचा, इन्या यायचाय. तुमी का आला न्हाई, दादा?"

ती ओळ कशी उमटली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. आता पन्नाशी उलटली. पत्राला उत्तर दिलेलं नाही. सोनईला जाऊन त्या बाईला, 'लंगडा मास्तर' मी लिहिलं होतं, हे सांगणं… तेवढं मी अजून देणं लागतो.