शिकागोची रिकामी बस आणि कुमुदची चार तासांची भेट

"शैले, येणार असशील तर आत्ता ये. पुढच्या वर्षी आलीस तर तुझा फक्त आवाज दिसेल मला," कुमुद फोनवर म्हणाली आणि आपल्याच विनोदावर फिदीफिदी हसली. मला मुळीच हसू आलं नाही.

कुमुद माझी नागपूरच्या होस्टेलमधली रूममेट. एकतीस वर्षं झाली, शिकागोजवळच्या एका उपनगरात राहते. तिच्या डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय. समोरचं सगळं पुसट, कडेनं थोडं दिसतं, तेही लख्ख उजेड असेल तरच. आम्ही लखनौला, विकास नगरात; ह्यांची इथल्या संशोधन संस्थेतली नोकरी. लेक मुक्ता शिकागोत कामाला, त्यामुळे व्हिसा होताच. २०१४च्या नोव्हेंबरात मी निघाले.

"एकटी जाणार?" ह्यांनी विचारलं.

"मग काय बँडबाजा नेऊ?"

शिकागोत फिरायला गाडी लागत नाही, हे आधी सांगून टाकते. शहरातली लोकल लोखंडी खांबांवरून, घरांच्या दुसऱ्या मजल्याला खेटून धावते. लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावायची उत्तम सोय. मी आठ दिवस हेच केलं. दिवसाचा पास काढा, लोकल आणि बस दोन्हींना चालतो. पायात चांगले बूट हवेत आणि कानाला मफलर. शहराला लागून असलेल्या समुद्राएवढ्या तळ्यावरून येणारा वारा म्हणजे, बाप्पा रे, नुसत्या थपडा! खाण्याचं म्हणाल तर त्यांचा तो जाडजूड पिझ्झा दोघींत एकच मागवा. मी आख्खा मागवला आणि दोन दिवस तोच खाल्ला.

कुमुदची डोळ्यांत इंजेक्शनं चालू होती. तिला जमणारी एकच वेळ, शनिवारची दुपार; आणि रविवारी दुपारी माझं परतीचं विमान. मुक्ताला दिवसभर ऑफिसचं काम, मैत्रिणीची गाडी मिळणार ती संध्याकाळी. म्हणजे जाताना मी एकटी, न्यायला ती येणार. "मावशीने क्या बोला था, याद है ना? चार के पहले पहुँचना," जेवणाच्या सुट्टीत मला स्टेशनवर सोडताना मुक्ता म्हणाली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. आमच्या घरात असंच चालतं. आठवड्यापूर्वीच तिथली घड्याळं तासभर मागे गेली होती. साडेचारनंतर अंधार.

उपनगरी गाडीचा शनिवार-रविवारचा पास स्वस्त असतो, तोच घ्या. गाडी दुमजली. वर एकेकट्या खुर्च्या, तिथेच बसा. टीसी खालूनच हात वर करून तिकीट बघतो. दीड तास मी राणीसारखी बसून गेले.

उतरले तेव्हा पावणेतीन. स्टेशनबाहेर बस उभी होती. आत ड्रायव्हरबाई एकटी, पेपर वाचत. चिटपाखरू नाही. आता सव्वीस वर्षं मी लखनौत कपूरथला ते अमीनाबाद टेम्पोनं, म्हणजे आपल्या शेअर रिक्षानं, जातेय. टेम्पो कधी सुटतो? भरला की. मागच्या बाकावर तिघांत चौथी सवारी कोंबून वर "बस एक और" होतं, तेव्हा. ह्या रिकाम्या बसकडे मी अनुभवी नजरेनं पाहिलं आणि म्हटलं, अर्धा तास तरी निश्चिंती. समोरच्या दुकानात गेले, बाथरूम उरकलं, कॉफी घेतली.

बाहेर येते तर बस वळणावर! एकही माणूस न घेता! "भैया, रोको!" ओरडत, दोन्ही हात हलवत मी धावले. ड्रायव्हरबाईनं हात हलवला आणि गेली.

पुढची बस तासानं. टॅक्सीवाल्यांनी फोन उचलला नाही. चालत जावं तर पाच मैल, आणि फुटपाथच नाही. मुक्ताला फोन केला. "आई! यहाँ बस भरने का वेट नहीं करते! टाइम पे जाती है!" अगं बाळे, आधी सांगायचंस ना.

तासानं तीच बाई तीच बस घेऊन आली. "तू मला टाटा करत होतीस ना? म्हणून मीही केला," ती प्रेमानं म्हणाली. मला रागावताही येईना.

पोचले तेव्हा दिवेलागण झालेली. कुमुदनं दार उघडलं आणि माझ्या कानाशेजारी कुठेतरी बघत म्हणाली, "उजेड गेला ना गं?"

तिनं घरातले सगळे दिवे लावले. अमेरिकेत दिवे म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात पिवळट टोप्या. ट्यूबलाइट नावाची वस्तू नाही. ती माझ्यासमोर बसून मान इकडे तिकडे वळवत राहिली. "काहीतरी चॉकलेटी आहे," म्हणाली. मला रडूच फुटलं. हजारो मैल आले आणि उजेडाचा शेवटचा तास कॉफी पिण्यात घालवला.

"रडतेस काय मेले! कोट घाल."

माझा दंड धरून ती निघाली. रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप होता; छताखाली एवढे पांढरे दिवे की सुईत दोरा ओवावा. तिनं मला चार नंबरच्या पंपाशी उभं केलं, हनुवटी धरली आणि कोंबडीसारखी मान तिरकी करून कडेनं बघू लागली. कपाळ, नाक, गाल, पुन्हा कपाळ. मी हलले की चापट. ट्रकमध्ये पेट्रोल भरणारा माणूस म्हणाला, "सगळं ठीक आहे ना, बायांनो?"

"एकतीस वर्षांनी बघतेय हिला, मध्ये बोलू नकोस," कुमुदनं त्याला दटावलं. मग मला म्हणाली, "नाक तेच आहे. बाकी सगळं वाढलंय."

थंडीनं दातावर दात आपटत होते, तरी मुक्ताची गाडी येईपर्यंत आम्ही चार वेळा तिथे जाऊन आलो.

घरी परतून तीन महिने झालेत. शेजारणी विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंस? मी पास आणि पिझ्झा सांगते, पंप सांगत नाही. परवा सकाळी कुमुदचा फोन आला. कडेचंही आता गेलंय. "बरंय गं," म्हणाली, "तू आता कितीही म्हातारी हो, मला कळायचं नाही. माझ्यापुरती तू चार नंबरच्या पंपावर उभी आहेस."

मी इतक्या मोठ्यानं रडले की हे अर्ध्या दाढीला साबण लावलेले, तसेच बाहेर धावत आले.